छत्रीवाले

चैत्रातल्या एका मंगळवारी आप्पा गेले. मी चहा ठेवला, त्यांना हाक मारली, आणि ते उठले नाहीत. डॉक्टर आले, मग गावचे हरीभाऊ आले, मग बाकीचे. दुपारी नदीवर नेलं. संध्याकाळी मी चहाचं भांडं घासलं.

त्यानंतर वैशाख गेला. मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी बेल वाजली. दारात चौथ्या मजल्यावरची नवी भाडेकरू उभी होती. हातात दोन छत्र्या, एक मोठी काळी आणि एक लहान मुलाची, बदकाच्या तोंडाची मूठ असलेली.

"छत्रीवाले काका इथंच राहतात ना? खाली वॉचमननं सांगितलं."

"राहायचे," मी म्हणाले.

तिला कळलं नाही. "शिफ्ट झाले का? कुठे?"

मग मी नीट सांगितलं. ती ओशाळली, सॉरी म्हणाली, छत्र्या पाठीमागे लपवल्यासारख्या धरून जिन्याकडे वळली. मी तिला स्टेशन रोडवर एक माणूस बसतो तो सांगितला. आत आले आणि माझ्या लक्षात आलं की हा मोसम सुरू झाला. आमच्या घरात वीसेक वर्षं ज्येष्ठ महिना असाच यायचा. पाऊस नंतर, आधी छत्र्या.

माझे वडील छत्र्या दुरुस्त करणारे नव्हते. ते सैन्यात होते. विमानातून उडी मारून शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या तुकडीत. बेळगावला भरती झाले, आग्र्याला उडी मारायला शिकले, आणि एकाहत्तरच्या हिवाळ्यात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात खरोखरची उडी मारली. तिथून परत आल्यावर गावानं शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार केला. आमचं गाव बदलापूरजवळ, बारवी धरणाच्या रस्त्याला. भात, वाल, थोडी भाजी, आणि निम्म्याहून जास्त घरं एकाच आडनावाची. सत्कारात हेडमास्तर म्हणाले, "हवाई छत्रीच्या साहाय्याने शत्रूच्या भूमीवर अवतरलेला आपल्या गावचा सुपुत्र." एवढं लांब गावाला कशाला हवंय? एका आडनावाच्या गावात घरांना टोपणनावं लागतातच. सातबाऱ्यावर काही असो, आम्ही 'छत्रीवाले' झालो. माझा जन्म नंतरचा. मी शाळेत गेले तीच छत्रीवाल्याची पोर म्हणून. मला वाटायचं प्रत्येक गावात एक छत्रीवाला असतो.

सैन्यातून सुटल्यावर आप्पांना अंबरनाथला एका कारखान्यात फाटकावरची नोकरी लागली. आम्ही शिवमंदिराजवळ भाड्याच्या खोल्यांत राहिलो. तिथं ते नुसते वॉचमन होते. महाशिवरात्रीला आमच्या दारासमोरून माणसांची रीघ लागायची, आणि त्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं की दारात खुर्ची टाकून बसलेला माणूस एकदा आभाळातून खाली आला होता. आप्पांची काही हरकत दिसली नाही. निवृत्त झाल्यावर जमिनीचा एक तुकडा विकून त्यांनी बदलापुरात, कात्रपला, फ्लॅट घेतला. त्याच इमारतीत गावच्या हरीभाऊंनीही घेतला. आणि पहिल्याच सकाळी हरीभाऊ जिन्यातून ओरडले, "काय छत्रीवाले, च्या झाला का?"

ते सगळ्या इमारतीनं ऐकलं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो नव्या घरातला पहिला मोसम. भिंतींना अजून रंगाचा वास होता. माझं ग्रंथालय, मी उल्हासनगरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत अर्धा दिवस चालायचं. दुपारी मी घरी असायची. अशाच एका दुपारी समोरच्या कमला आंटी आल्या. त्या सिंधी, उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या, तिथल्या बराकीत जन्मलेल्या, मुलानं इकडे घर घेतलं म्हणून आलेल्या. हातात जांभळ्या फुलांची छत्री.

"भाऊ, इसका कुछ होईल क्या? खटका लागतच नाही. हरीभाऊ बोलतात तुम्ही छत्रीवाले."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी पुस्तक मिटलं. आप्पांनी छत्री हातात घेतली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली. खटक्यावर बोट ठेवून पाहिलं.

"ठेवा," ते म्हणाले. "संध्याकाळला न्या."

आंटी गेल्यावर आई सुरू झाली. "अहो, सांगायचं ना तिला!"

"काय सांगू?"

"की तुम्ही तसले छत्रीवाले नाही."

"मग कसले?"

"विमानातले!"

"मग ती म्हनंल विमान दुरुस्त करा."

आई हसली नाही. ती दोन दिवस धुसफुसत होती. देशासाठी जिवावर उदार झालेला माणूस आता लोकांच्या छत्र्या शिवणार, आणि तेही फुकट, असं ती हरीभाऊंच्या बायकोला सांगताना मी ऐकलं. हरीभाऊंची बायको म्हणाली, "अगं, पन छत्री झाली का नीट?" झाली होती. आंटींनी ती साऱ्या मजल्याला उघडून दाखवली, आणि आठवड्याभरात आमच्या गॅलरीच्या गजांना छत्र्या टांगल्या गेल्या. वटवाघळांसारख्या, उलट्या, मिटलेल्या. काळ्या, चट्टेरी, एक तर देवाच्या पालखीवर धरावी तशी लाल. प्रत्येकीच्या दांड्याला चिंधी बांधून आप्पा फ्लॅटचा आकडा लिहायचे.

त्यांना हे काम कुणी शिकवलं नव्हतं. ते मोडलेल्या छत्र्या उघडून बघत शिकले. पहिल्या काही छत्र्या त्यांनी बिघडवल्याही, आणि बिघडवलेल्यांच्या बदल्यात गुपचूप नव्या आणून दिल्या. काड्या आणि तारा आणायला ते उल्हासनगरच्या बाजारात जात. मी ग्रंथालयातून सुटले की कधी कधी आम्ही बरोबर जायचो. तिथला दुकानदार त्यांना धंद्यातलाच समजायचा.

"आओ चाचा, कैसा है धंदा?"

"सीझन है," आप्पा गंभीरपणे सांगत.

त्या गॅलरीला एक वास होता. जुन्या कापडाचा, गंजाचा, गेल्या पावसाळ्यात ओल्याच मिटून ठेवलेल्या छत्रीचा कुबट वास, आणि त्यात कुणाच्या तरी कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. आप्पा पाट घेऊन बसत, चष्मा नाकावर, तोंडात दोऱ्याचं टोक. मी दाराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन. आम्ही दोघेही फारसे बोलणारे नव्हतो. पण हात कामात असले की आप्पा बोलत. समोर कुणी ऐकायला बसलेलं नाही असं वाटलं की बोलत. म्हणून मी पान उलटत राहायची.

युद्धातली एकच गोष्ट त्यांनी सांगितली. तीच, कधी थोडी, कधी पुरी. इतर कुठली विचारली की म्हणत, "पुढचं पेपरात आलंय."

विमानात उकडत होतं. माणसं दाटीवाटीनं बसलेली, पाठीवर छत्री, पोटावर दुसरी, पायाशी सामानाची पिशवी. कुणी ओकलं की वास सगळ्यांना. आप्पांच्या मागे गणपत होता, साताऱ्याकडचा, भरतीपासूनचा सोबती. उठून उभे राहायचा हुकूम झाला, प्रत्येकानं आपल्या पट्ट्याचा हुक वरच्या तारेला अडकवला. दार उघडलं, आणि खाली भाताची शेतं दिसली. कापलेली. संध्याकाळ व्हायला आलेली, उन्हं तिरपी. गणपत मागून त्यांच्या कानात ओरडला, "कुळवाड्या, तुझं गाव आलं बघ, उतर!"

"आन् मी उतरलो," आप्पा म्हणायचे.

ते कधी 'उडी मारली' असं म्हणाले नाहीत. आम्ही सगळे म्हणायचो, हेडमास्तर म्हणाले, आई म्हणायची. ते म्हणायचे उतरलो. बदलापूरला उतरलो, तसं. एकदा मी कारण विचारलं. ते काडीला टाका घालत होते. म्हणाले, "उडी मानूस आपल्या मनानं मारतो."

छत्री उघडली की घोंगडी झटकल्यासारखा आवाज होतो, आणि मग काहीच आवाज नसतो. विमान गेलेलं असतं. खाली कुत्री भुंकतात ती ऐकू येतात. त्यांना बांधावरची माणसं दिसली, खळ्यावरचा पेंढा दिसला. त्या मुलखात घरागणिक एक तळं असतं. त्यांना एक तळं दिसलं आणि आपण त्याच्यावरच चाललोय हे कळलं. दोर ओढून बाजूला व्हायला पाहिलं. निम्मे झाले. म्हणजे ते तळ्यात पडले आणि छत्री काठावर.

पाणी फार खोल नसावं. पण अंगावर इतकं वजन होतं की खोल असण्याची गरज नव्हती. पायाखाली चिखल, तोंडावर दोर. "पानी प्यालो," एवढंच ते म्हणायचे. मग खांद्याला काहीतरी टोचलं. बांबू होता. तो त्यांनी धरला, आणि बांबूच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होती. तिनं त्यांना काठावर ओढलं आणि शिव्या द्यायला सुरुवात केली.

इथं मी नेहमी विचारायची, कारण आप्पांना ते आवडायचं. "पण शिव्या आहेत हे कसं कळलं?"

"शिवी कळाया भाषा कशाला लागते?"

तिच्या रागाला कारण होतं. छत्री तिच्या दुधीच्या मांडवावर पडली होती. वाऱ्यानं फुगलेल्या कापडानं मांडव उपटून आडवा केला होता. दुधी जमिनीवर लोळत होते. ती एकदा मांडवाकडे हात करी, एकदा यांच्याकडे. आप्पा भातशेतकऱ्याच्या घरचे. परक्या देशात, युद्धात, चिखलानं माखून ते त्या बाईसमोर उभे होते आणि त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती मोडलेल्या मांडवाची. त्यांना तिची भाषा येत नव्हती. ते म्हणाले, "मावशी, चुकलं."

तिला शब्द कळला की नाही कोण जाणे. ती गप्प झाली. त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या पायाशी पडलेल्या सामानाच्या पिशवीकडे बघितलं. पदर कमरेला खोचला. पिशवी डोक्यावर घेतली. आणि चालायला लागली, लांब बांधावर बाकीचे जवान जमत होते त्या दिशेला. आप्पा बूट थपथपवत तिच्या मागे.

"ती फुडं नि मी मागं," आप्पा म्हणायचे. "असा मी लढाईवर गेलो."

तिनं पिशवी बांधावर ठेवली आणि वळून आपल्या मांडवाकडे गेली. छत्री तिथंच राहिली. आप्पा ती आणायला गेले नाहीत. तितका वेळ नव्हता. "त्या दोरांनी बांधला असंल मांडव परत," असं ते कधी तरी आपल्याशीच म्हणत. "चांगले दोर व्हते."

पुढचं पेपरात आलंय. त्या रात्री एका पुलासाठी लढाई झाली. तिच्याबद्दल मी नंतर पुस्तकांत वाचलं, नकाशे पाहिले. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला ते अवघड नसतं. आप्पांना मी एकदा तो नकाशा दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला, आणि म्हणाले, "तळी नाय दाखवली यात."

पुलाबद्दल त्यांचं एकच वाक्य मला माहीत आहे. लहानपणी मी विचारलं होतं, गणपतकाका आपल्याकडे का येत नाहीत? आप्पा म्हणाले होते, "गणपत पुलापाशी राहिला." मी ते तसंच धरलं. राहिला म्हणजे राहिला. त्यानं तिथं घर बांधलं असेल, लग्न केलं असेल, त्याच्या दाराशी तळं असेल. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्या घराची कल्पना करत असे, दोन मुलगे आणि एक मुलगी, मुलगी माझ्याएवढी. आठवीत असताना हे आईसमोर बोलले. आई तवा खाली उतरवून म्हणाली, "अगं, राहिला म्हणजे तिथंच राहिला." मग ते मला कळलं. पण माझ्या डोक्यातलं ते घर काही लगेच पडलं नाही.

आमच्या सोसायटीला मात्र पूलच हवा असायचा. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर आप्पांना शाल आणि नारळ देत, आणि 'दोन शब्द' सांगायला लावत. आप्पा उभे राहत आणि तळ्याची गोष्ट सांगत. उतरलो, पाणी प्यालो, मांडव मोडला, ती पुढं नि मी मागं. लोक हसत. मग सेक्रेटरी माईक घेऊन म्हणत, "आप्पा विनोदी आहेत बरं का! पण मुलांनो, यांनी त्या रात्री शत्रूला जे पाणी पाजलं..." आप्पा नारळ मांडीवर घेऊन ऐकत. त्यांनी कधी मध्ये तोंड घातलं नाही. घरी आल्यावर एकदा एवढंच म्हणाले, "पानी मी प्यालो. यांना कुनी सांगितलं मी पाजलं?"

मला वाटतं, लोकांचं चुकत नव्हतं. युद्धावर गेलेला माणूस आपल्यात राहतो तर त्यानं काही शूर सांगावं, अशी अपेक्षा असणारच. आप्पा शूर नव्हते असंही नाही. तो पूल मिळाला, आणि मिळवणाऱ्यांत ते होते. पण सांगण्यासारखं म्हणून त्यांनी जे निवडलं ते वेगळं होतं. त्यांच्या लेखी त्या दिवशीची मोठी गोष्ट ही होती की एका बाईचं नुकसान त्यांच्या हातून झालं, आणि तिनं त्यांचं ओझं डोक्यावर घेतलं.

आई गेली तेव्हाही तो मोसम चालू होता. तेराव्याला आलेले लोक जाताना आपापल्या छत्र्या गजावरून काढून नेत होते. मला ते विचित्र वाटलं नाही. आप्पांनाही नाही.

यंदा भाडेकरू बाई येऊन गेल्यावर दोनच दिवसांनी मंडळाचा सचिन आला. तिशीतला मुलगा, इमारतीखालीच त्याचं मोबाइलचं दुकान आहे. आमच्या कोपऱ्यावर तीन रस्ते मिळतात, त्या जागेला आप्पांचं नाव द्यायचं ठरलं होतं. कार्यक्रम पावसाच्या आत उरकायचा, नाहीतर मांडव भिजतो. त्यानं फोनवर फलकाचा मजकूर दाखवला. 'शत्रूला पाणी पाजणारे, पुलावर एकट्याने तिरंगा फडकवणारे छत्रीधारी वीर सैनिक.' खाली आप्पांचं नाव. मागे आभाळ, आणि आभाळात लाल-पिवळ्या पट्ट्यांची छत्री घेऊन एक हसरा माणूस, हौशी उड्या मारतात त्यांतला, गोरापान.

"हा कोण?" मी विचारलं.

"इंटरनेटवरचा आहे ताई. आप्पांचा तसा फोटो नाही ना."

"त्यांनी तिरंगा नाही फडकवला. एकट्यानं तर काहीच नाही केलं."

"ओके, ते काढतो. पाणी पाजणारे राहू दे?"

"पाणी त्यांनीच प्यायलं होतं. तळ्यातलं."

"ताई, तो वाक्प्रचार आहे."

"मला माहीत आहे."

सचिन समजूतदार आहे. त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. म्हणाला, "तुम्ही सांगा काय लिहू. पण चार ओळी आहेत. तळं, बाई, दुधी, कुठं बसवू? आणि 'छत्रीवाले' नको हं. नवीन लोकांना वाटेल छत्र्या दुरुस्त करायचे."

"करायचे."

"हो, म्हणजे... करायचे. माझीपण केलेली. पण बोर्डवर कसं ते?"

मी एका कागदावर लिहून दिलं: एकाहत्तरच्या युद्धात छत्रीनं उतरले आणि परत आले.

त्यानं ते दोनदा वाचलं. "परत आले, हे काय लिहायचं असतं का?"

"सगळे नाही आले."

त्यानं कागदाचा फोटो काढला. "दादांना विचारतो," म्हणाला. दादा म्हणजे नगरसेवक. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: वीर राहणार, छत्रीधारी राहणार, पूल आणि पाणी काढलं, परत आले हेही काढलं, चित्र छापून झालंय म्हणून तेच. "पण तुम्हाला बोलायचं असेल तर दोन मिनिटं माईक देतो. दादांच्या आधी."

मी आयुष्यभर लोकांना हळू बोला असं सांगण्याचं काम केलं. माईक कधी हातात धरला नव्हता. नको म्हणून सांगायला मी खाली त्याच्या दुकानापर्यंत गेलेही. दुकानात गर्दी होती. उभी राहून मी हिशेब केला. फलकावर ती गोष्ट नव्हती. आई नाही. हरीभाऊंना हल्ली फारसं आठवत नाही, मला बघून ते "छत्रीवाले कुठं गेलं?" असं विचारतात. सोसायटीच्या लोकांना आप्पा विनोदी होते एवढं लक्षात राहणार, आणि पाणी पाजलेलं. मी तिथं बोलले नाही तर आप्पांनी सांगितलेली एकमेव गोष्ट माझ्याबरोबर संपेल, आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट त्यांच्या नावानं उभी राहील. मी सचिनला काही न सांगता वर आले.

रविवारी सकाळी कोपऱ्यावर मांडव घातला. प्लास्टिकच्या खुर्च्या, स्पीकरवर देशभक्तीची गाणी, रिक्षा वळायला जागा नाही म्हणून हॉर्न. आभाळ भरून आलं होतं पण पडत नव्हतं. निम्म्या लोकांच्या मांडीवर छत्र्या होत्या, आणि त्यांतल्या काही मी ओळखल्या.

सचिननं माझं नाव पुकारलं. मी कागद आणला नव्हता. मी आप्पांच्याच शब्दांत सांगितलं, कारण दुसरे माझ्याकडे नव्हते. विमानात उकडत होतं. गणपत म्हणाला, तुझं गाव आलं. ते उतरले. तळ्यात पडले. छत्रीनं एका बाईचा दुधीचा मांडव मोडला. इथं बायका हसल्या. तिनं त्यांना ओढून काढलं, शिव्या दिल्या, आणि त्यांचं ओझं डोक्यावर घेऊन चालायला लागली. "ती पुढं आणि मी मागं, असा मी लढाईवर गेलो," असं ते सांगायचे, मी म्हणाले. आणि गणपत नावाचा त्यांचा सोबती त्या रात्री मेला. तेवढा एक शब्द आप्पांचा नव्हता, माझा होता. मग मी थांबले. नमस्कार केला.

टाळ्या थोड्या झाल्या, उशिरा झाल्या. दादांनी माईक घेतला आणि आप्पांनी शत्रूला पाणी पाजलं असं सांगितलं. टाळ्या झाल्या. पडदा ओढला, नारळ फुटला, पेढे वाटले.

लोक पांगले तेव्हा कमला आंटी माझ्याजवळ आल्या. गुडघ्यांमुळे त्यांना हल्ली फार चालवत नाही. माझा दंड धरून त्या फलकासमोर उभ्या राहिल्या. मराठी त्या सावकाश वाचतात. आप्पांचं नाव त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडे वळल्या.

"और उस औरत का नाम?"

"कोण?"

"जिसने निकाला. मांडव वाली. तिचं नाव काय?"

"आप्पांना माहीत नव्हतं, आंटी."

त्यांनी मान हलवली. पुन्हा फलकाकडे बघितलं, जणू तिथं कुठं तरी लिहिलेलं असेल. "आमच्या घरी पण अशी एक होती," त्या म्हणाल्या. "पार्टिशन के टाइम. माझ्या आईला स्टेशनवर तिनं आपली चादर दिली. माँ रोज उसके लिए हाथ जोड़ती थी. नाव तिलाही माहीत नव्हतं." मग त्या म्हणाल्या, "चल, पेढा मिला क्या तुझको?"

आम्ही हळूहळू घरी आलो. जिन्यात पहिल्या मजल्यावरचा एक बाप आपल्या मुलीला ती गोष्ट सांगत होता. त्यानं दुधीचा लाल भोपळा केला होता. मी दुरुस्त केलं नाही.

कोपऱ्याला आता आप्पांचं नाव आहे. रिक्षावाले अजून ते घेत नाहीत, पण पत्त्यात येऊ लागलंय. त्या बाईचं नाव कुणालाच माहीत नाही. ती होती, हे आमच्या इमारतीतल्या लोकांना माहीत आहे.